ओहोटीची तारीख

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
आमच्या कोर्टाला पायरीच नाही.
केवड्याच्या पातीचं छप्पर, इतकं खाली उतरलेलं
की वादी येवो, प्रतिवादी येवो, राजधानीतला मंत्री येवो,
वाकल्याशिवाय आत येता येत नाही.

मी कारकून. जमिनीच्या कोर्टाचा.
किरिबासच्या नकाशात आम्ही टिंबं,
त्यातल्या एका टिंबावर माझं टेबल.
एक शिक्का, दीड बाटली शाई,
आणि गोऱ्या साहेबाच्या काळातली नोंदवही,
जिच्या कडा खाऱ्या हवेनं पापड झाल्यात.

दावा : नेई काओतिरा विरुद्ध तेन बाकातू.
चुलत भावंडं.
हद्दीची खूण : एक दगड, दोन माड.
(एका माडापुढे साहेबानं लिहून ठेवलंय, ‘वाकडा’.)
अकरा वर्षं.
तेवढ्यात तीन मॅजिस्ट्रेट बदलले,
चौथे तौरामोआ, गुडघेदुखीचे,
म्हणाले, जागा पाहिल्याशिवाय निकाल नाही.
मी भिंतीवरचं कोष्टक पाहिलं.
तारखा आमच्याकडे अशाच पडतात :
मंगळवार, नऊ सत्तावीस, ओहोटी.

निघालो. लुंग्या वर खोचून
अख्खं न्यायालय पाण्यात.
फाईल माझ्या डोक्यावर.
अळूच्या खड्ड्यात पानं पिवळी पडलेली,
तळाशी मीठ.
सरळ माडाचं खोड राहिलं होतं, बिनशेंड्याचं.
वाकडा कुठेच नव्हता.
दगड सापडला बाकातूच्या पायाला,
ठेच लागून,
गुडघाभर पाण्यात, तीही ओहोटीच्या वेळी.

विमानातून आलेल्या पोरसवदा मोजणीदारानं
तिवई रोवली, ती रुतली, पुन्हा रोवली.
मग पायांकडे बघत म्हणाला,
भरतीच्या रेषेखाली येतं
ते कायद्यानं सरकारचं.

कुणी काही बोललं नाही.
एक खेकडा आमच्यामधून आडवा गेला.
‘म्हणजे हरलं कोण?’ बाकातूनं विचारलं,
आणि तौरामोआ गुडघा चोळत राहिले.

दुपारी पुन्हा छपराखाली.
नेई काओतिरा उठली नाही; इथे उभं राहून बोलत नाहीत.
बसल्या जागेवरून म्हणाली,
‘ह्या छपराखाली प्रत्येक घराण्याची जागा ठरलेली.
माझ्या बापाची त्या खांबापाशी,
बाकातूच्या बापाची पलीकडे.
सरकारची चटई कुठली, तेवढं दाखवा.
मी तिच्यापुढे जाऊन बसते.’

मोजणीदारानं माझ्याकडे पाहिलं.
मी घटनेची प्रत उघडली.
संसद होती, राष्ट्राध्यक्ष होते,
उच्च न्यायालय होतं, जिथं जायला बोट पंधरवड्यातून एकदा.
चटई काही सापडली नाही.

संध्याकाळी पाहिलं तर दोघं एकाच चटईवर,
मध्ये खोबऱ्याची वाटी.
भांडण मिटलं नव्हतं.
सरकारविरुद्धच्या अर्जावर
पहिलं नाव कुणाचं, यावर जुंपली होती.

नोंदवहीत ‘निकाल’ नावाचा रकाना आहे.
मी पेन शाईत बुडवलं, वाळू दिलं,
पुन्हा बुडवलं.

दुसऱ्या दिवशी म्हातारी आली टोपली घेऊन.
टोपलीतून पाणी ठिबकत होतं.
दगड टेबलावर ठेवला, म्हणाली,
‘पुढच्या उधाणात हाही गेला असता.
पावती दे.’
हद्दीची खूण हलवणं गुन्हा आहे.
कलम मला पाठ आहे, दंडाच्या रकमेसकट.
मी पावती दिली.
पुरावा क्रमांक एक. वजन अंदाजे.
जप्त नाही, जमा.

बोट यायला अजून नऊ दिवस.
खिडकीतून वारा येतो
तेव्हा नोंदवहीची पानं त्याच दगडाखाली असतात.
खालच्या बाजूला त्याला चिकटलेलं एक शिंपलं
पहिले दोन दिवस जिवंत होतं.